लक्षाची तालीम

वायुसेनेच्या उड्डाण शाखेकडे जाणाऱ्या वाटेवर एक चाचणी जन्मात एकदाच देता येते. लेखी परीक्षा पुन्हा देता येते, निवड मंडळासमोर पुन्हा उभे राहता येते. वैमानिकी कल तपासणाऱ्या या चाचणीत मात्र नापास झाले, की उड्डाण शाखेचे दार कायमचे बंद होते. पूर्वी तिला पीएबीटी म्हणत, आता ती संगणकावर होते आणि तिचे नाव सीपीएसएस आहे. देहरादून, म्हैसूर, वाराणसी, गांधीनगर अशा ठिकाणच्या निवड मंडळांत ती घेतली जाते. एनडीएचा उमेदवार साडेसोळा वर्षांचाही असू शकतो. म्हणजे नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एखाद्या मुलाचा बारावीचा निकाल अजून लागलेला नसतो आणि आयुष्यातली ही एकमेव संधी त्याने वापरून टाकलेली असते.

जुन्या पीएबीटीची रचना सांगण्यासारखी आहे. एका भागात विमानाच्या तबकड्यांची चित्रे पाहून विमान कुठल्या दिशेने चालले आहे, चढते आहे की उतरते आहे, कुठे कलले आहे ते ओळखायचे. दुसऱ्या भागात हातात काठी, पायाखाली पेडल. पडद्यावरचा ठिपका मध्यात धरून ठेवायचा, आणि तेवढ्यात दिवा लागला किंवा आवाज झाला की त्याच्या त्याच्या खटक्याने तो बंद करायचा. तिसऱ्यात सरकत्या वाटेवरून ठिपका न घसरू देता न्यायचा. यातले एकेक काम सातवीतल्या पोरालाही जमेल. परीक्षा असते ती सगळी कामे एकत्र आल्यावर लक्ष कसे वाटले जाते याची.

*

बुटीबोरीतल्या आमच्या संध्याकाळच्या अभ्यासिकेत येणारी मुले बहुतेक एमआयडीसीतल्या कामगारांची. कोणी एनडीएची तयारी करतो, कोणी वायुसेनेच्या एएफकॅट परीक्षेची. दोघी-तिघींना विमानतळ प्राधिकरणाची हवाई वाहतूक नियंत्रकाची परीक्षा द्यायची आहे. सगळ्यांच्या मोबाइलमध्ये मेंदूचा व्यायाम घडवणारे एखादे तरी ॲप आहे. काही फुकट, काही महिन्याच्या वर्गणीचे. चौकोन उजळतात, ते कुठे उजळले होते ते सांगायचे. जमले की चौकोन वाढतात, चुकले की कमी होतात.

त्यातला एक परवा म्हणाला, "सर, लेव्हल तं रोज वाढून राहिली, पण सराव पेपरात मार्क तेवढेच येऊन राहिले."

त्याने वापरलेल्या दोन वाक्यांत या विषयावरचा अर्ध्या शतकाचा वाद आहे. त्याला तिथल्या तिथे जमेल तेवढे उत्तर दिले. उरलेले इथे लिहून ठेवतो.

*

शिकणाऱ्याच्या कुवतीप्रमाणे अवघडपणा बदलत नेणारे प्रशिक्षण हे मोबाइलच्या काळातले नाही. चार्ल्स केली यांनी १९६९ साली या पद्धतीवर एक पायाभूत लेख लिहिला. चांगला उस्ताद नेहमीच शागिर्दाकडे पाहून काम वाढवतो किंवा हलके करतो. ते यंत्राकडून मोजून-मापून कसे करून घ्यायचे, हा त्यांचा प्रश्न होता.

आत चालणारा हिशेब सोपा असतो. समजा, लागोपाठ दोन उत्तरे बरोबर आली तर एक पायरी वर, एक चुकले की एक पायरी खाली. हा नियम लावला की माणूस अशा पायरीवर येऊन ठरतो जिथे त्याची साधारण ७०.७ टक्के उत्तरे बरोबर येतात. नियम बदलला की हा आकडा बदलतो. म्हणून ॲपवर सतत चुका होत असल्या तर घाबरू नये, हे मी मुलांना आधी सांगतो. यंत्राने मुद्दामच तुम्हाला चुका होतील तिथे आणून उभे केले आहे. घरी मात्र आई विचारते, "रोज एवढ्या चुका कशा?" आणि पोर खचते. पालकांना बोलावून ही गोष्ट समजावण्यात गेलेली संध्याकाळ मी वाया गेलेली मानत नाही.

*

आता मार्क का वाढले नाहीत ते.

२००८ मध्ये सुझन येगी आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास फार गाजला. एकाच वेळी डोळ्यांनी एक मालिका आणि कानांनी दुसरी मालिका लक्षात ठेवायची, आणि जमेल तशी ती लांबत जाणार, असा सराव केल्याने नव्या प्रश्नांना भिडण्याची बुद्धी वाढते, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०१३ मध्ये रेडिक आणि सहकाऱ्यांनी नीट तुलनागट घेऊन तसाच सराव वीस बैठकांत करून घेतला. सरावातले गुण वाढले, बुद्धी होती तिथेच राहिली. मधल्या काळात, २०१० साली, 'नेचर'मध्ये ओवेन यांचा ११,४३० लोकांवरचा अभ्यास आला होता. सहा आठवडे मेंदूचे खेळ खेळून लोक त्या-त्या खेळात तरबेज झाले. ज्या कामांचा सराव केला नव्हता त्यांत काही फरक पडला नाही. २०१६ च्या जानेवारीत लुमॉसिटी या ॲपच्या कंपनीने फसव्या जाहिरातींच्या प्रकरणात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून २० लाख डॉलर भरले.

तालमीत जोर काढून दंड भरतात, पण तेवढ्याने कुस्ती येत नाही. मोबाइलवरच्या चौकोनांचे तसेच आहे. चौकोन लक्षात ठेवायला शिकलात, एवढे खात्रीने म्हणता येते. महिना काही शे रुपये वर्गणी भरणारा बाप इथे बारा तास पाळी करून ते पैसे आणतो. म्हणून हे आकडे मी मुलांसमोर फळ्यावर लिहितो.

*

पण याच विषयात एक अभ्यास असा आहे की ज्यामुळे मला हा सगळा खटाटोप सोडून द्यावासा वाटत नाही.

१९८० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात संशोधनासाठी 'स्पेस फोर्ट्रेस' नावाचा खेळ बनवला गेला. पडद्याच्या मध्यभागी एक किल्ला. भोवती आपले यान, तेही घर्षण नसलेल्या पोकळीत. एकदा ढकलले की उलटा जोर लावेपर्यंत थांबत नाही. किल्ल्यावर मारा करायचा. मधेच सुरुंग येतात, त्यांच्यावरच्या अक्षरावरून मित्र की शत्रू ते ओळखायचे, आणि ती अक्षरे आधी पाठ केलेली हवीत. दारूगोळा मोजका. पडद्यावर चिन्हे येत राहतात, योग्य जोडी दिसली की जादा गुण घ्यायचे किंवा दारूगोळा. हात, डोळे, स्मरण, हिशेब, सगळे एकदम.

मानसशास्त्रज्ञ डॅनिएल गोफर यांनी इस्रायली वायुसेनेच्या प्रशिक्षणार्थींना हा खेळ दहा तास शिकवला. १९९४ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी निकाल छापले: खेळ शिकलेले प्रशिक्षणार्थी प्रत्यक्ष उड्डाणाच्या चाचण्यांत न शिकलेल्यांपेक्षा सरस ठरले. पुढे तो तिथल्या प्रशिक्षणाचा भाग झाला.

खेळ दिसायला विमानासारखा नव्हता. त्या काळचे साधे रेषांचे चित्र. मग उपयोग कशाचा झाला? गोफर यांचा भर अवघडपणा वाढवण्यावर नव्हता. पूर्ण खेळ पहिल्यापासून तसाच समोर असे, फक्त सूचना बदलत. आजच्या फेरीत यानावरचा ताबा महत्त्वाचा, बाकी बिघडले तरी चालेल. पुढच्या फेरीत सुरुंगांकडे लक्ष, ताबा सुटला तरी चालेल. अशा फेऱ्यांतून शिकणाऱ्याला दोन गोष्टी कळतात: एका कामाकडे दुर्लक्ष केले तर नेमके किती बिघडते, आणि किती वेळ दुर्लक्ष केले तरी चालते. लक्ष ही खर्च करायची वस्तू आहे आणि ती कुठे किती घालायची हे आपल्या हातात आहे, हे अंगात मुरते.

माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे. ॲप विचारते, तुला किती जमते? गोफर विचारत होते, तू आत्ता काय सोडायला तयार आहेस? विमानाच्या कॉकपिटमध्ये बसलेल्या माणसाला रोज दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते.

*

बुटीबोरीला हे नवीन नाही. इथल्या कारखान्यांत पॅनेलवर बसणारा माणूस हेच करतो. मीही कधीकाळी पॅनेलवर बसलो आहे. समोर पडदे, तापमान, दाब, पातळी; अलार्म वाजला की तो गंभीर आहे की नेहमीचा हे ओळखायचे, फोनवर फील्डमधल्या माणसाशी बोलायचे, आणि लॉगबुकही भरायचे. नवखा प्रत्येक अलार्मकडे धावतो. जुना ऑपरेटर एखादा अलार्म नुसता ऐकून घेतो आणि ज्या आकड्याकडे पाहायला हवे त्याच्याकडे पाहत राहतो. तो हे कुठून शिकला, विचारले तर त्याला सांगता येत नाही.

रात्रपाळीचा त्रास वेगळा. काहीच घडत नाही, हाच त्रास. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधणाऱ्या ब्रिटिश विमानांतले रडार पाहणारे तासाभरात निसटत्या खुणा चुकवू लागत. त्यावर नॉर्मन मॅकवर्थ यांनी एक घड्याळ बनवले. काटा दर सेकंदाला एक घर पुढे जाई, क्वचित एखाद्या वेळी दोन घरे उडी मारी. ती उडी पकडायची, दोन तास. १९४८ मध्ये छापलेल्या निकालात पहिल्या अर्ध्या तासानंतरच पकड सैल होताना दिसते. पॅनेलवर पहाटे तीन वाजता बसलेल्या कोणालाही हा आलेख दाखवावा, तो ओळखेल.

अभ्यासिकेतल्या पोरांना मी म्हणतो, घरी वडिलांना विचारा. सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात सापडणार नाही असे ज्ञान त्या पाळीच्या डब्याबरोबर रोज घरी येते.

*

नवतपातली, म्हणजे ऐन उन्हाच्या दिवसांतली, नोंद. टिनाच्या छपराखाली दुपारी मोबाइल हातात घेऊन बसलेल्या मुलाची लेव्हल आठवडाभर उतरत गेली. त्याला वाटले आपण मंद होतोय.

बॉस्टनमध्ये २०१६ च्या उन्हाळ्यात विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत एक अभ्यास झाला. उष्णतेच्या लाटेत वातानुकूलन नसलेल्या खोल्यांतली मुले सकाळच्या चाचणीत सुमारे १३ टक्के संथ ठरली. त्या गरम खोल्यांचे सरासरी तापमान होते २६ अंशांच्या आसपास! आमच्याकडे मे महिन्यात रात्री पंखा तेवढ्याहून गरम हवा फेकतो.

जुळवून घेणारे यंत्र इथे फसते. त्याला उत्तर दिसते, छप्पर दिसत नाही. वेग कमी झाला की ते काम सोपे करते आणि मुलाला वाटते की आपली पायरीच ही. म्हणून उन्हाळ्यात सराव पहाटे, उजाडायच्या आत. आणि मे महिन्यातल्या दुपारच्या गुणांची नोंद कोणी ठेवायची नाही.

झोपेचेही तेच. व्हॅन डाँगेन आणि डिंजेस यांच्या २००३ च्या अभ्यासात दोन आठवडे रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपलेल्या माणसांची एकाग्रता एक-दोन रात्री सलग जागल्यासारखी उतरली. त्याहून वाईट म्हणजे आपण एवढे घसरलो आहोत हे त्यांना फारसे जाणवतच नव्हते. 'परीक्षेआधी चार तास झोप पुरते' असे अभिमानाने सांगणाऱ्या प्रत्येकाला हे वाचून दाखवायला हवे.

*

२५ जून १९९७. मीर अंतराळस्थानकावर वासिली त्सिब्लिएव प्रोग्रेस हे मालवाहू यान दूरनियंत्रणाने हाताने जोडायचा प्रयत्न करत होते. अंतर सांगणारे रडार बंद ठेवलेले, पडद्यावर खालच्या ढगांच्या पार्श्वभूमीवर स्थानक नीट दिसेना, आणि या कामाचा शेवटचा रीतसर सराव होऊन काही महिने लोटलेले. यान स्पेक्टर या भागावर आदळले, हवा गळू लागली. केबल तोडून दार बंद केले म्हणून तिघे वाचले.

कौशल्य पृथ्वीवर शिकवून वर पाठवले की ते शिळे होते, हा त्यातला धडा. पुढे जर्मनीच्या डीएलआर संस्थेतल्या संशोधकांनी सहा दिशांनी हलणारे यान हाताने जोडण्याचा सराव देणारी प्रणाली बनवली. शिक्षक नसताना ती माणसाच्या प्रगतीप्रमाणे धडे पुढे नेते, मागे आणते. महिनोन्महिने वर राहणाऱ्याला हवे तेव्हा उजळणी करता येते. जुळवून घेणाऱ्या प्रशिक्षणाचा हा उपयोग मला पूर्ण पटतो, कारण इथे सराव ज्या कामाचा तेच काम पुढे करायचे आहे. बुद्धी वाढवण्याचा दावा नाही.

योगायोग असा की अठ्ठावीस वर्षांनी, २५ जून २०२५ रोजीच, शुभांशु शुक्ला ॲक्सिअम-४ मोहिमेचे वैमानिक म्हणून अंतराळात निघाले. त्यांच्या प्रयोगांत एक होता भारहीनतेत संगणकाचा पडदा वापरताना नजर आणि हात कसे चालतात याचा. त्यांच्यासह गगनयानाच्या चौघा अंतराळवीरांची निवड बंगळुरूच्या एअरोस्पेस मेडिसिन संस्थेत झाली. ते चौघेही आधीच कसलेले चाचणी-वैमानिक होते, हे पोरांनी विसरू नये. अंतराळवीराची तयारी ॲपपासून सुरू होत नाही.

*

सगळेच कॉकपिटमध्ये बसणार नाहीत. इथल्या मुलांसाठी सर्वांत जवळचे विमान मिहानमध्ये आहे, खापरीच्या पलीकडे, देखभाल-दुरुस्तीच्या हँगरात. तिथल्या तपासनिसाच्या कामाला कोणी लक्षाची कसोटी म्हणत नाही. म्हणायला हवे.

२८ एप्रिल १९८८ रोजी हवाईत अलोहा एअरलाइन्सच्या विमानाचे छप्पर हवेतच उडून गेले. सांध्यांतल्या भेगा तपासणीत हाती लागल्या नव्हत्या. शेकडो रिव्हेट, सगळे चांगले, त्यांत एखादा वाईट. जेरेमी वोल्फ यांनी २००५ मध्ये दाखवले की शोधायची वस्तू निम्म्या वेळा असते तेव्हा माणूस ती सुमारे ७ टक्के वेळा चुकवतो. शंभरात एकदाच असते तेव्हा सुमारे ३० टक्के. डोळे तेच, माणूस तोच. क्वचित सापडणारी गोष्ट आपण लवकर 'नाही' म्हणून सोडतो.

यावर मी करून घेतो तो सराव बिनखर्चाचा. पानेच्या पाने आकडे द्यायचे, चुकीचा आकडा एखाद्याच पानावर ठेवायचा, बाकी पाने स्वच्छ. मुले चिडतात. चौथ्या-पाचव्या स्वच्छ पानावर नजर घसरायला लागते, तेव्हा थांबवून विचारायचे: शेवटची ओळ वाचलीस का? हा सराव मी कुठल्या ॲपवर पाहिलेला नाही, कारण त्यात बक्षीस नाही.

*

नियंत्रकाची परीक्षा देणाऱ्या मुलींसाठी वेगळी टीप. त्या कामात वैमानिकाने सूचना बरोबर परत म्हटली का ते ऐकायचे असते: उंची, दिशा, वारंवारता, विमानाचे नाव. आणि सगळे इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीचे थोडे लक्ष भाषेवरच खर्च होते, उरलेले आकड्यांवर. ती कमी हुशार नाही, तिच्या लक्षावर एक ओझे जास्त आहे. ते ओझे सवयीने उतरते.

म्हणून जोड्या. एक जण सूचना वाचते, दुसरी जशीच्या तशी परत म्हणते आणि हाताने कागदावर विमानाची दिशा काढते. वाचणारी मधेच मुद्दाम चूक करते. ऐकणारीने टोकले नाही तर पुन्हा पहिल्यापासून. काही दिवसांनी सूचना मराठीत आल्या काय आणि इंग्रजीत आल्या काय, पेन्सिल तेवढ्याच वेगाने चालू लागते.

नागपूरला या कामाची परंपरा आहे, हे मुलांना माहीत नसते. १९४९ पासून पुढची काही वर्षे दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली टपालाची विमाने रोज मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, थैल्या बदलत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. रात्रभर जागून चार विमाने उतरवणारी आणि सोडणारी माणसे सोनेगावच्या धावपट्टीवर होती.

*

अंतरा मेहता. नागपूरच्या, रामदेवबाबा अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या. जून २०२० मध्ये दुंडिगलच्या वायुसेना अकादमीतून लढाऊ वैमानिक होऊन बाहेर पडल्या, महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला. आणि ३० मे २०२५ रोजी एनडीएतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, सतरा जणी. दोन्ही बातम्यांची कात्रणे अभ्यासिकेच्या भिंतीवर आहेत. वस्तीतल्या आया ती उभ्या राहून वाचतात.

*

एक विनंती, ज्यांच्या हातात आहे त्यांना. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था १९७७ पासून मुलांना एनडीएसाठी तयार करते, नाशिकला मुलींसाठी तशीच संस्था आता आहे. तिथे निवड झालेल्यांना सगळे मिळते. तिथवर न पोहोचलेल्या तालुक्यातल्या मुलाने काठी आणि पेडल पहिल्यांदा हातात घ्यायची ती थेट निवड मंडळात, आयुष्यात एकदाच होणाऱ्या चाचणीत. शहरातल्या मुलाने तोवर घरी खेळाची जॉयस्टिक झिजवलेली असते. चाचणी कल मोजते असे म्हणायचे, तर दोघांचीही काठीशी ओळख आधी झालेली हवी. जिल्ह्याला एक साधे यंत्र, शनिवार-रविवार खुले, एवढे पुरेल. एनसीसीचे हवाई पथक नागपुरातच आहे. तिथून सुरुवात करता येईल.

*

सध्याचा आठवडा असा आहे. पहाटे पाच ते सहा, दोन-दोनच्या जोड्या. सोमवारी आणि गुरुवारी तबकड्यांची चित्रे, पण चालता चालता. मंगळवारी सूचना परत म्हणणे. बुधवारी स्वच्छ पाने. शुक्रवारी गोफर यांच्या पद्धतीने: डाव्या हाताने चेंडू भिंतीवर टप्पा मारत राहायचा, तोंडाने सतराचा पाढा उलटा, आणि मी मधे ओरडून सांगतो, 'चेंडू!' किंवा 'पाढा!'. सांगितलेले सांभाळायचे, दुसरे बिघडले तर बिघडू द्यायचे. पहिल्यांदा सगळे दोन्ही सांभाळायला जातात आणि दोन्ही घालवतात. ज्याला मनापासून पाढा सोडून देता आला, त्याचा चेंडू राहिला, आणि पुढच्या हाकेला तो पाढ्याकडे इतरांआधी परतला. शनिवारी काही नाही, झोप. रविवारी ज्यांचे वडील पॅनेलवर आहेत त्यांच्यापैकी कोणी तरी येऊन बोलतात. या रविवारी धाग्याच्या कारखान्यातले एक काका येणार आहेत. अलार्म वाजत असताना फोन उचलायचा की नाही, हा विषय त्यांनीच निवडला आहे.